मेंढीत शिकणारी मुलगी

“कितवीत आहेस गं तू?” केस्लरबाईंनी विचारलं.

“मेंढीत,” टॅबिथा म्हणाली.

बाईंचं पेन कागदावर थांबलं. टॅबिथाला वाटलं, बाईंना नीट ऐकू आलं नाही. आठ वर्षांच्या पोरीने मग आवाज चढवला. “आधी पावात होते. मग मधमाशीत. आता मेंढीत आहे. भाऊपण मेंढीतच आहे, पण तो लहान आहे ना, म्हणून त्याला कातर देत नाहीत.”

टेबलाच्या टोकाला तिची आजी, व्हर्ला, बसली होती. तिने सुनेकडे पाहिलं. जोलीन समोरच्या केकसारखी पांढरी पडली होती. केक कोकराच्या आकाराचा होता आणि त्याच्या अंगभर खोबऱ्याचा कीस लावला होता. या घरात एक विषय संपला की सण व्हायचा. पाव संपला तेव्हा सगळ्या नातलगांना सात तऱ्हेचे पाव खावे लागले होते. आज मेंढी संपत होती, आणि आजच जोलीनने केस्लरबाईंना बोलावलं होतं. पेनसिल्व्हेनियात घरी शिकणाऱ्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. बाईंनी सही केली तर पुढचं वर्ष घरी. नाही केली, तर सप्टेंबरात पोरगी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसणार, असं व्हर्लाच्या मुलाने, डॅरलने, बायकोला स्वच्छ सांगून ठेवलं होतं.

व्हर्लाला बसच हवी होती. शाळा म्हणजे बाक, घंटा आणि फळा, असं ती दोन वर्षं सुनेला ऐकवत होती. लोकर धुणं हे काम आहे. त्याला शिक्षण म्हणायला शहरातली सूनच यावी लागली. सणाच्या जेवणात प्रत्येकाने आपण काय शिकलो ते सांगायचं, अशी जोलीनची रीत होती. पाळी आली की व्हर्ला म्हणायची, “या वयात मी काय शिकणार? बटाटे सरकव इकडे.”

तरी मे महिन्यात तिला राहवलं नव्हतं. जोलीन मांडीवर पुस्तक उघडून पोरीला सूत काढायला शिकवत होती आणि ते वितीवितीला तुटत होतं. व्हर्लाने तीन दिवस सोसलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “हे सूत आहे की उंदराचं शेपूट?” आणि सुनेच्या हातातली टकळी ओढून घेतली. तोंडाची टकळी चालूच होती, आता हातातलीही फिरू लागली. तेव्हापासून रोज दुपारी नात मेंढ्यांच्या गोठ्यात आजीच्या मागे असायची. व्हर्ला त्याला शिकवणं म्हणत नव्हती. पोरीच्या हाताला वळण नको का, एवढंच म्हणायची.

केस्लरबाई वाईट नव्हत्या. त्यांनी पोरीला वही वाचायला लावली. तिने घडाघडा वाचली. सात पौंड लोकर धुतल्यावर चार पौंड उरली, तर मळ किती, हे विचारलं. तिने उत्तर दिलं, वर मळात लोकरीचं मेणही धरलंय ना, असं बाईंनाच विचारलं. मग डोळे मिटून तिने लोकरीचे दोन पुंजके चाचपले. हा खांद्याचा, हा मागच्या पायाचा. दोन्ही बरोबर.

“पण आठ वर्षांच्या मुलीला आपली इयत्ता माहीत नाही,” बाई हळूच म्हणाल्या. “या खान्यात मी काय लिहू? मेंढी तर लिहिता येत नाही.”

टॅबिथाने पुंजके पाठीमागे लपवले आणि ती आजीजवळ सरकली.

“आजी, मेंढी हे उत्तर चुकलं का गं?”

तेवढ्यात बाईंनी विचारलं, की हाताने लोकर ओळखायला हिला आजींनी शिकवलं का, आजी शिक्षिका होत्या का. उत्तर डॅरलने दिलं. “नाही हो. पण आमची आई आठवी आहे. त्या काळातली आठवी.”

ही आठवी व्हर्लाने लग्नाच्या दिवशी नवऱ्याला सांगितली होती. मग मुलांना सांगितली. पुढे सांगायची गरजही उरली नव्हती. आताही नुसतं गप्प बसलं असतं तरी आठवी राहिली असती आणि बसही आली असती.

तिने नातीच्या लपवलेल्या मुठी पाहिल्या.

“तिसरी,” ती म्हणाली. “आठवी-बिठवी काही नाही. तिसरीत होते तेव्हा आई गेली आणि मेंढ्या माझ्या गळ्यात पडल्या. त्या खान्यात तिसरी लिहा, बाई. तिसरीत मला काय येत होतं ते मला ठाऊक आहे. ही पोरगी माझ्या पुढे आहे.”

डॅरलच्या हातातला काटा हवेतच राहिला. केस्लरबाईंनी खान्यात तिसरी लिहिलं आणि खाली सही केली.

जोलीनने केक कापला. कोकराचं डोकं धाकट्याला मिळालं. मग रीतीप्रमाणे पाळ्या सुरू झाल्या. डॅरल शिकला की मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. जोलीन शिकली की पुस्तकातून सूत निघत नाही. व्हर्लाची पाळी आली तशी टॅबिथाने मुकाट्याने बटाट्यांचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

व्हर्लाने ते बाजूला ठेवलं.

“बासष्ट वर्षं मी मेंढीत आहे,” ती म्हणाली. “तो वर्ग असतो, हे आज शिकले.”