शेवटचा बाक नसलेला वर्ग

“माझ्या वर्गात शेवटचा बाकच नाही, मॅडम,” विश्वेश्वर सर म्हणाले. “सगळी मुलं गोल करून बसतात. गोलात कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. हेच माझं शिक्षणाचं तत्त्वज्ञान.”

आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी नेकनूरजवळच्या त्या वस्तीवरची शाळा बघायला आलेल्या मॅडमनी वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. चौथीची पोरं सतरंजीवर गोल बसली होती आणि एकेक उठून घडाघडा वाचत होती. सरांची छाती फुगली होती.

तेवढ्यात सारजाबाई नातीचं, करिष्माचं मनगट धरून दारात उभी राहिली.

“सर, ही म्हनती, आज मला एकलीलाच सुट्टी हाय. आसं आसतंय का कुटं?”

सर लगबगीनं दाराशी गेले. करिष्मा आईबापासोबत पाच महिने ऊसतोडीला गेली होती. परतून जेमतेम आठवडा झाला होता. वाचताना जोडाक्षर आलं की तिची गाडी अडायची. म्हणून कालच सरांनी तिला बाजूला घेऊन गोड आवाजात सांगितलं होतं, “उद्या तुला सुट्टी, बरं का.”

“ही कोण?” मॅडमनी विचारलं.

“गावातलीच आहे,” सर बोलून गेले. “आली असेल आजीबरोबर.”

सारजाबाई त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. करिष्मानं मात्र हातातलं दप्तर पाठीमागं लपवलं.

“व्हय मॅडम,” ती म्हणाली. “मी निस्तं बगाया आलते.”

एवढीशी पोर सरांची लाज झाकायला खोटं बोलली. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्याच वर्गातली आहे, एवढंच तर म्हणायचं होतं.

“करिष्मे, तितं कावून हुबी? ये की!” गोलातून अभिमन्यू ओरडला आणि बसल्या जागी बाजूला सरकला. त्याचं बघून शेजारची सरकली, मग तिच्या शेजारचा. कुणी न सांगता गोल जरासा मोठा झाला. करिष्मा मान खाली घालून त्या जागेत जाऊन बसली.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

“मुलांना तुमचं म्हणणं कळलंय, सर,” त्या म्हणाल्या. “या, तुम्हीही बसा गोलात.”

मुलं पुन्हा सरकली. सर दारातच उभे होते, पोरांच्या चपलांपाशी.