पहिली आंघोळ

"मिस्त्रीला कशाला पैसे द्यायचे? व्हिडिओ बघून सगळ्या फरशा मीच बसवल्या," श्रीरंग पाहुण्या म्हणून आलेल्या सासूबाईंना ऐटीत म्हणाला. "नव्या बाथरूममध्ये पहिली आंघोळ तुमचीच!"

सासूबाई बऱ्याच वेळानं गुडघे धरतच बाहेर आल्या.

"आई, एवढा वेळ?" बायकोनं विचारलं.

"न्हायले गं."

त्यांचा अंबाडा तर कोरडाच होता. श्रीरंग आत शिरला. बादलीत त्यांची जुनी साडी पिळून ठेवली होती, सिमेंटच्या गाळानं माखलेली. त्यानं मगभर पाणी ओतलं. ते जाळीकडे न जाता सरळ दाराकडे धावलं. म्हणजे इतका वेळ त्या वाकून पाणी टिपत होत्या!

बाहेर सासूबाई लेकीला सांगत होत्या, "जावईबापूंच्या हातात कसब आहे गं."

श्रीरंगनं आतून कडी लावली, अंगातला शर्ट काढला आणि उंबऱ्याशी ओणवा होऊन पाणी टिपू लागला.