शत्रूला आणखी सहा महिने

"सहा महिने," मास्तर म्हणाला. "फक्त सहा महिने द्या. शत्रू अजून कच्चा आहे."

"गेल्या वर्षीही कच्चाच होता तो," मालकीणबाई म्हणाल्या. "पिकणार कधी? तीनदा तारीख बदलली, मास्तर. लोक आपल्या नावाने बोटं मोडतायत."

खोलीत तिघंच होती. खेळ बनवणारी ही कंपनी मालकीणबाईंची. 'सीमारेषा' या लढाईच्या खेळात संगणक जो शत्रू होऊन लढतो, त्याचा मेंदू मास्तरने लिहिलेला. तिसरीला सगळे चाळणी म्हणत. खेळातल्या चुका शोधणं हे तिचं काम, आणि बारीकसा खडाही तिच्यातून सुटत नसे.

'सीमारेषा'चा पहिला भाग धडाक्यात खपला होता, पण त्यातला शत्रू म्हणजे निव्वळ शंख. आख्खं सैन्य घेऊन सरळ नदीत उतरायचा. लोक पोट धरधरून हसले. मास्तरची सख्खी भाचीसुद्धा हसली आणि ते त्याला फार लागलं. दुसऱ्या भागात आपलं हसं होऊ द्यायचं नाही, अशी त्याने मनाशी खूणगाठच बांधली. तीन वर्षं तो त्या शत्रूला डावपेच शिकवत होता. मास्तर हे नाव पडलं ते त्यातूनच.

"असं करू," मालकीणबाई म्हणाल्या. "आज आठ जण खेळून बघायला येतायत. सगळे पहिल्या भागात मुरलेले. त्यांनी शत्रूला नाक मुरडलं तर सहा महिने तुमचे. आवडला, तर ठरल्याप्रमाणे आजच पाच वाजता खेळ सगळ्यांना खुला. मग माघार नाही."

"आणि बटण?"

"तुम्हीच दाबायचं."

आठही मशीन त्याने काल स्वतः मांडली होती, स्वतः जोडली होती, जोडणी दोनदा तपासलीही होती. चाळणीला त्याने जवळ फिरकू दिलं नव्हतं. ती बिचारी म्हणालीही, "एकदा नजर टाकू का?" तर हा म्हणाला, "नको. परीक्षा माझी आहे."

दहाला खेळाडू आले. कुणाचा पडदा कुणाला दिसू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे उभे केले होते. सगळ्यांनी कानांवर हेडफोन चढवले आणि खोली चिडीचूप झाली. मास्तर काचेपलीकडे नखं कुरतडत उभा राहिला.

पाव तास गेला. मग एक दातांचे डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "अरे लबाडा! पूल जाळलास होय!"

मास्तरने चाळणीचा दंडच धरला. "ऐकलंस? पूल जाळला म्हणे!"

"ऐकलं. हात सोडा, दुखतोय."

मग कुणी टेबलावर मूठ आपटली, कुणी "आता ये की!" म्हणून दात-ओठ खाल्ले. साडेअकराला चहा आला तेव्हा सगळे पाचदहा मिनिटं थांबले. एक कॉलेजातली मुलगी कप हातात घेऊन म्हणाली, "काय सभ्य शत्रू आहे हो! मी थांबले तर तोही थांबला."

असं काही लिहिल्याचं मास्तरला आठवेना. पण तीन वर्षांत त्याने काय कमी लिहिलं होतं? पोरं घरी नकळत शिकतात, तसं हेही शिकलं असेल. त्याची छाती इंचभर फुगली.

डाव चांगलेच लांबले. दुपारी तीनला एकेक जण बाहेर येऊ लागला. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई तर लाल झाल्या होत्या. "मी हरत आले होते हो! मग पूल पेटवून दिला. त्यावर तो असा काही चिडला, असा चिडला, की शेवटी चुकलाच. अगदी माणसासारखा!"

"अगदी माणसासारखा," मास्तर पुटपुटला. डोळे भरून आले होते आणि त्याला ते लपवावंसंही वाटलं नाही.

निकाल लागला. चौघं जिंकली, चौघं हरली.

"इतकं मापात?" मालकीणबाईंनी भुवया उंचावल्या.

"हेच तर साधायचं होतं!" मास्तर जवळजवळ ओरडला. "ना फार सोपा, ना फार अवघड. बाई, मी हरलो. सहा महिने नकोत मला. सहा मिनिटंही नकोत."

पाच वाजता आख्खं ऑफिस त्याच्याभोवती गोळा झालं. त्याने डोळे मिटले आणि बटण दाबलं. भिंतीवरच्या पडद्यावर खेळ घेणाऱ्यांचा आकडा पळू लागला. हजार, नऊ हजार, चाळीस हजार. कुणीतरी त्याला उचललं, कुणीतरी शिट्टी मारली. गलक्यात भाचीचा फोन आला. "मामा, घेतला मी! सुरू करतेय हं!"

"कर, कर! या वेळी तुझी गाठ माझ्या पठ्ठ्याशी आहे," मास्तर हसत म्हणाला.

फोन ठेवला तेव्हा चाळणी समोर उभी होती. त्या जल्लोषात ती एकटीच हसत नव्हती. दिवसभराच्या डावांची नोंद तिने सवयीप्रमाणे कागदावर काढून आणली होती. तिने कागद पुढे केला.

मास्तरने तो हसत हसतच घेतला. चारच ओळी होत्या. मशीन एक विरुद्ध मशीन पाच. दोन विरुद्ध सहा. तीन विरुद्ध सात. चार विरुद्ध आठ. शेवटच्या रकान्यात संगणकाने केलेल्या चाली मोजल्या होत्या, आणि तिथे वरपासून खालपर्यंत शून्य होतं.