पिअर्सनबाईंच्या वाफ्यातला कोंब

एक पाय कुंपणाच्या अलीकडे, एक पलीकडे. धम्मशीलाचा शाळेचा स्कर्ट फळीच्या खिळ्यात अडकला होता आणि हातात भाजी चिरायची सुरी होती. खाली मिसेस पिअर्सनचा गुलाबांचा वाफा. त्या गुलाबांच्या मधोमध, गाजराएवढा जाड, तपकिरी सालींचा, ताठ बांबूचा कोंब.

सहा वर्षांपूर्वी आजोबांनी मागच्या गार्डनमध्ये ज्याचे कोंब भाजीला चालतात असा मोठा बांबू लावला, तेव्हा मिसेस पिअर्सन कौन्सिलकडे तक्रार करायला निघाल्या होत्या. बाबांनी त्यांच्या दारात उभं राहून शब्द दिला होता : "एक जरी कोंब तुमच्या बाजूला आला, तर त्याच दिवशी बांबूचं अख्खं बेट खणून काढतो." आणि बाबा शब्द मोडत नाहीत.

आजोबांचाही शब्द होता. तीस वर्षं गडचिरोलीच्या जंगलात वनरक्षक होते कडूबा आजोबा. इथे इंग्लंडात, वॉटफर्डमध्ये त्यांचं मन रमलं ते फक्त या बेटापाशी. "बेट गेलं की मीपण गेलो गावाला," ते शांतपणे म्हणायचे.

वरच्या बाथरूममध्ये बाबा दाढी करत होते. खिडकीतून नुसतं डोकावले असते तरी खेळ खलास.

स्कर्ट टर्रकन फाटला. ती वाफ्यात उतरली, गुडघ्यांवर बसली आणि कोंबाच्या बुडाशी सुरी घातली. एक घाव. दोन. तिसऱ्याला कोंब कट्कन तुटून हातात आला. वर माती ओढायची, की झालं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं.

मिसेस पिअर्सन ड्रेसिंग गाऊनमध्येच होत्या. त्यांनी सुरीकडे पाहिलं, मग कोंबाकडे.

"सॉरी, मिसेस पिअर्सन. आमचा बांबू परत इकडे नाही येणार, प्रॉमिस. फक्त बाबांना सांगू नका."

"तुमचा बांबू?" त्यांचा आवाज चिरकला. "चार वर्षं पाणी घालतेय मी त्याला. खाण्याजोगा हा पहिलाच कोंब, आणि तू तो..."

धम्मशीलाला काही कळेना. "पण तुम्हाला तर बांबू नको होता ना?"

मिसेस पिअर्सननी वरच्या खिडकीकडे नजर टाकली. पुढे आल्या, तिच्या हातातला कोंब काढून गाऊनच्या खिशात घातला.

"याचं मूळ मला कडूबानेच दिलं. आज दुपारी तो मला याची भाजी शिकवणार आहे," त्या कुजबुजल्या. "आणि खबरदार, तुझ्या बाबांना सांगितलंस तर."