तुडीलला उतरलेला खोका

महाडच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नूतनचा खोका कुरिअरवाल्याने चुकून तिच्या तुडीलच्या घरी उतरवला. खोक्यात कोरडा बर्फ होता, बर्फात एक इवलीशी नळी आणि नळीत कृत्रिम एमआरएनएचा थेंब. रोग आल्याची वर्दी देणारं प्रथिन पेशींकडून बनवून घेणारा तो थेंब बोटाच्या स्पर्शानेही नासतो, आणि नूतन तीन महिने त्याची वाट पाहत होती. तिने घाबरून सासूबाईंना फोन लावला.

“आई, नळीला अजिबात हात लावू नका!”

“नाय गो, बोटसुद्धा नाय लावणार,” साळूबाईंनी देवाची शपथ घेतली.

नूतन स्कूटर दामटत घरी आली. खोका जागच्या जागी पाहून तिचा जीव भांड्यात पडला. सासूबाई काही बोलायच्या आत ती तो उचलून निघालीसुद्धा.

प्रयोगशाळेत तिने सरांसमोर मोठ्या ऐटीत झाकण उघडलं. नळी शाबूत होती, पण तिला खेटून किलोभर कोळंबी दगडासारखी गोठली होती. तिने तिथूनच घरी फोन केला.


“हात कुठं लावला गो, चिमट्यानं सरकवली. सकाळपासून लाईट नाय, आणि तुझ्या एका थेंबाला एवढा बर्फ कशाला?”