पुसलेली नोंद

वकीलसाहेब, जिना चढू नका, उभ्यानंच ऐका, आत्ता घडलेलं सांगतो. आमच्या दशरथनं पंधराव्या वर्षी सायकल चोरली होती. तेव्हापासून दर गणपतीत चौकीवाले त्याला नेऊन बसवतात. यंदा तुम्ही लहानपणीची केस म्हणून कायद्यानं नोंद कायमची पुसून घेतलीत. मग आज मिरवणुकीला पहिल्यांदाच मी त्याच्या कमरेला ढोल बांधला. तेवढ्यात हवालदार आला. “ढोल सोड, चल चौकीत.” मी म्हणालो, “अहो, त्याची नोंद पुसलीय.” तर हसतो कसा, “काका, नोंद पुसली, थोबाड कुठं पुसलंय?” पोरगं गाठ सोडायला लागलं, पण मीच पक्की बांधलेली, सुटेना. शेवटी हवालदारानं दोर कापला आणि त्याला चौकीत नेलं, अख्ख्या पेठेसमोर. माझ्या डोक्यात जाळ झालाय. एकटा गेलो तर आज माझ्याच नावावर केस चढेल. तुम्ही चला, आत बोला, आणि माझा हात धरून ठेवा.