पन्नास बैठका

एकतिसाव्या बैठकीला देवमनच्या डाव्या पोटरीत गोळा आला. तो अंगणातच पाय लांब करून बसला अन् दोन्ही हातांनी पायाचा अंगठा मागे ओढू लागला.

शेजारच्या ओट्यावर लिलाबाई तूर निवडता निवडता त्याच्या बैठका मोजत होती. आपल्या बैठका आपण मोजायच्या नाहीत, हे तालमीतलं जुनं म्हणणं देवमन अजून पाळायचा.

"तीस," ती म्हणाली. "कालच्याइतक्याच."

"एकतीस."

"ती अर्धी होती, भाऊजी. अर्धी मी धरत नाई."

पैजेला अजून तीन आठवडे होते. मुलगा अश्वजित नागपूरला नोकरीला होता. आई गेल्यापासून तो दर रविवारी फोन करायचा. "चला माझ्याकडं, बाबा. एकट्याले काही झालं तर लोक मले काय म्हनतीन?" मागच्या महिन्यात घरी आल्यावर चार माणसांसमोर तो हेच बोलला अन् देवमन चिडला.

"म्हतारा झालो का मी? पन्नास बैठका मारून दाखवतो. मारल्या तर इथंच राहीन, तू पुन्हा नाव काढू नको. हुकलो तर त्याच दिवशी तुझ्या गाडीत बसतो."

अश्वजितने सगळ्यांसमोर कबूल केलं होतं.

"तुमी खाता काय?" लिलाबाईने विचारलं.

"वरण अन् भाकर."

"वरणात मीठ टाकता का?"

देवमनने नाही म्हणून मान हलवली. बायकोला बीपी होतं. नऊ वर्षं त्या घरात वरण अळणीच शिजलं. स्वयंपाक तो तिच्या शेवटच्या आजारात, तिलाच विचारून शिकला. मिठाचं तिने काही सांगितलं नव्हतं.

लिलाबाई आत जाऊन लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घेऊन आली. "घामात सगळं मीठ चाललं तुमचं. गोळे नाई येतीन तर काय होईन?"

देवमनने शेलूबाजारहून किलोभर लिंबं आणली. वरणात मीठ पडू लागलं. गोळा आधी उशिरा येऊ लागला, मग यायचाच थांबला. शेवटच्या आठवड्यात लिलाबाईने साठ मोजल्या.

"जिंकले तुमी," ती म्हणाली. "आता कोनाच्या बापाची टाप नाई तुमाले न्यायची."

देवमन हसला नाही. आत जाऊन त्याने एकट्यापुरती भाकर थापली.

ठरलेल्या रविवारी अश्वजित आला. गाडी दाराशी लावून त्याने सगळ्यांना जयभीम केला. आजूबाजूची पाच-सहा माणसं गप्पा हाणत अंगणात उभी राहिली. मोजायचं काम अश्वजितने स्वतःकडे घेतलं.

देवमनने सुरुवात केली. अश्वजित मनातल्या मनात, बोटांच्या पेरांवर मोजत होता. त्या दिवशी तालमीचा नियम मोडून देवमननेही मनात मोजलं. दहा. वीस. तीस झाल्या तरी पोटरी नरम होती, दम शाबूत होता.

छत्तिसावीला उठताना त्याला गाडीतली पुढची रिकामी सीट दिसली. सहा महिने तो एकटाच जेवत होता. घास उचलताना समोर कोणी बसलेलं असावं, एवढंच त्याला हवं होतं. पण 'ने मला' हे तोंडाने म्हणणं त्याला या जन्मी जमणारं नव्हतं.

सदतीस. अडतीस.

देवमन खाली बसला अन् त्याने ठणठणीत पोटरी दोन्ही हातांनी आवळून धरली.

"गोळा आला रे, अश्वजित," तो म्हणाला. "हुकलो मी."

लिलाबाई काही बोलायला पुढे झाली. त्याआधीच, चार माणसांत बापाची मान खाली जाऊ नये म्हणून, अश्वजित वाकला अन् त्याच्या खांद्यावर हात ठेवून जमलेल्यांकडे पाहत मोठ्याने म्हणाला, "हुकले कायचे, बाबा? पन्नास कवाच्याच झाल्या. आयका हो सगळे, बाबा इथंच राहतीन."